चौथी टोपी

लक्ष्मव्वा शाळेच्या फाटकाशी आली तेव्हा माझा सातवीचा तास चालू होता. विड्या वळणारी बाई, हाताला तंबाखू, शिपाई काही तिला आत सोडीना. मीच बाहेर गेले. तिनं पदराला हात पुसले आणि सरळ सांगितलं, "अक्का, नरसय्या गेले. सकाळी च्या घेऊन गेलते, तर उठंनातच की." मी मुख्याध्यापिकाबाईंकडे अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेले. कोण गेलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ओळखीचे होते. मग त्यांचंही बरोबरच होतं, ओळखीच्या माणसासाठी शाळा सुटल्यावर जायचं असतं, तास बुडवायचे नसतात. मी बाहेर येऊन दुसरा अर्ज लिहिला आणि कारण दिलं, डोकेदुखी. डोकेदुखीला रजा लगेच मिळाली. तो अर्ज अजून शाळेच्या दप्तरात असेल, खाली माझी सही आहे. बावीस वर्षं ज्या माणसाशी घरोबा केला, त्याच्या मरणाच्या दिवशी माझं फक्त डोकं दुखत होतं.

नरसय्या माझे कोण, ते आज सांगते. माझा मधला भाऊ माधव, आम्ही त्याला दादा म्हणायचो. दादा आणि नरसय्या पंधरा वर्षं भवानी पेठेतल्या एका खोलीत राहिले. नवराबायको राहतात तसे राहिले. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि लिहून पाहिल्यावर वाटतं, एवढंच तर होतं...

आमचं घर टेंभुर्णीचं. थोरले आप्पा शेती बघायचे, पुढं त्यांनी ट्रकही घेतला. दादाचा हात चित्रकलेत चांगला, म्हणून तो सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायला लागला. चादरीवर जे फूल किंवा मोर दिसतो, तो आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवून काढावा लागतो. मग त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पट्ट्या मागावर चढवतात, आणि भोकं असतील तसे धागे उचलले जातात. एक भोक चुकलं तर प्रत्येक चादरीवर तीच चूक. दादा कारखान्यात नवा असताना एक विणकर पट्टी हातात घेऊन त्याच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या मोराला तीन पाय व्हायलेत." दादानं चूक मान्य केली नाही, उलट मागाशीच काहीतरी बिघडलं असेल म्हणून ऐकवलं. तो विणकर वाद न घालता दादाला मागापाशी घेऊन गेला. मोराला खरंच तीन पाय होते. तेच नरसय्या. त्यानंतर दादाची कुठलीही नक्षी आधी नरसय्यांच्या मागावर विणली जायची, आणि कारखाना सुटल्यावर दोघं कंदील लावून चौकटी मोजत बसायचे.

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा दादानं मला खोली दाखवायला नेलं. मागांच्या खडखडाटात एक बारकी खोली, दोन ट्रंका, एक पलंग. नरसय्यांनी चहा केला. स्वतःच्या कपात त्यांनी चार चमचे साखर घातली आणि कप रिकामा झाल्यावर तळाची साखर बोटानं पुसून खाल्ली. एवढा गोडघाशा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दर शनिवारी जिलेबी आणायचे आणि ती दादाच्या आधी संपवायचे. दादा म्हणायचा, अरे चहात साखर घालतात, साखरेत चहा नाही. नरसय्या दाद द्यायचे नाहीत. मला ते पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायला लागले, मी त्यांच्याहून लहान असून.

मला केव्हा कळलं, असं कुणी विचारलं तर मला दिवस सांगता येईल. दादा तापानं पडला होता. मी भर दुपारी भात घेऊन गेले, दार उघडंच होतं. नरसय्या पलंगाशी बसून दादाच्या पायाची नखं काढत होते. दादाचं पाऊल त्यांच्या मांडीवर होतं. मी आत आले, त्यांनी मान वर करून बघितलं, "या की अक्का" म्हणाले, आणि पाऊल सोडलं नाही. पुढचं नख काढायला घेतलं. लपवण्यासारखं आपण काही करतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. मी डबा ठेवून घरी आले, आणि ह्यांना काही बोलले नाही. दादानं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. याला आम्ही समजूतदारपणा म्हणत होतो.

रेशनकार्डाच्या वेळी मात्र दादाला सांगायची पाळी आली. कार्डावर दोघांची नावं घालायची होती. कारकुनानं विचारलं, हे नरसय्या तुमचे कोण लागतात? आडनाव वेगळं, जात वेगळी, घरची भाषासुद्धा तेलुगू. दादानं सांगितलं, घरातले आहेत. कारकून म्हणाला, असं नातं लिहिता येत नाही, काय ते नीट सांगा. दादानं पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा कारकुनानं आपल्या मनानं 'भाडेकरू' असं लिहून टाकलं. दादा हे मला हसत हसत सांगत होता, आणि नरसय्या म्हणत होते, साखर मिळाली की झालं, काय लिहायचं ते लिहू दे. मीही हसले. तो शब्द पुढं आमच्याच अंगणात आमच्याच तोंडून निघणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

आप्पांनी दादाच्या लग्नाचा नाद पुष्कळ दिवस सोडला नाही. शेवटची मुलगी सांगोल्याची होती. पोहे झाले, मुलगी आत गेली, आणि दादानं मुलीच्या वडिलांना हात जोडून सांगितलं, "माझं घर झालेलं हाय. तुमच्या पोरीचं वाटोळं करायला मला सांगू नका." आप्पा परतीच्या एस.टी.त खिडकीकडं तोंड करून बसले. पण टेंभुर्णीला उतरल्यावर लोकांना काहीतरी सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं, माधवानं सोलापुरात एक बाई ठेवलीय. ही बातमी आप्पांनी स्वतः पसरवली, आणि आश्चर्य म्हणजे आमच्या घराण्याची अब्रू त्यानं वाचली. बाई ठेवणारे आमच्या भावकीत आधीही दोघेतिघे होते, त्यांच्याकडं कुणी वाकड्या नजरेनं बघत नव्हतं. मला येऊन बायका विचारायच्या, कशी आहे गं ती, गोरी आहे का? मी म्हणायचे, सावळी आहे. ते तरी खोटं नव्हतं.

दुष्काळाच्या साली दादाला कावीळ झाली आणि ती पोटात उतरली. नरसय्यांनी माग सोडला. तीन महिने त्यांनी दादाचं सगळं केलं, अंग पुसण्यापासून मूत काढण्यापर्यंत. मी डबे पोचवायचे आणि घरी येऊन दमले म्हणून पडायचे. दादा गेला त्या दिवशी आप्पा ट्रक घेऊन आले. पुढं बसायला जागा नव्हती, असं आप्पा म्हणाले, म्हणून नरसय्या मागं, दादाजवळ बसून टेंभुर्णीपर्यंत आले. आप्पांच्या हातून एवढं एकच चांगलं काम झालं, तेही त्यांना न कळता.

आता तेराव्याचं सांगायला हवं. आमच्याकडची रीत अशी, की ज्यांचं माणूस गेलं त्यांना तेराव्याला जाजमावर ओळीनं बसवतात. सोयरे एकेकाच्या डोक्याला नवी टोपी घालतात, खांद्यावर टॉवेल ठेवतात, तोंडात गोडाचा घास देतात. त्याला दुखवटा काढणं म्हणतात. टोपी पडली की त्या माणसाचं दुःख लोकांनी मान्य केलं आणि त्याला परत चारचौघांत घेतलं, असा त्याचा अर्थ. तोवर गोड खायचं नाही, नवं कापड घालायचं नाही, कुणाच्या मांडवात जायचं नाही. दादाच्या बाजूनं जावई म्हणून टोप्या घालायचा मान ह्यांचा होता. आप्पा आणि त्यांचे दोन मुलगे, अशा तीन टोप्या लागणार होत्या. मी दुकानातून चार घेतल्या. विचार करून घेतल्या, हे आवर्जून लिहिते. ह्यांनी पिशवीत बघितलं, मोजलं, आणि पिशवीचं तोंड बांधलं.

नरसय्या सकाळच्या एस.टी.नं आले. त्यांनी दहाव्याला सोलापुरातच न्हाव्यासमोर बसून डोकं भादरून घेतलं होतं, मिशीही काढली होती. कुणी सांगितलं नव्हतं. ते आले आणि ओळीच्या शेवटी, आप्पांच्या धाकट्या मुलाशेजारी, दोन हात सोडून बसले. स्वयंपाकघरात दोघी बायकांनी मला विचारलं, "ती आली न्हाई व्हय गं, माधवाची?" मी म्हटलं, नाही आली. खिडकीतून मला ते तुळतुळीत डोकं दिसत होतं, आणि मी म्हटलं, नाही आली.

ह्यांनी आप्पांना टोपी घातली, मग मोठ्या मुलाला, मग धाकट्याला. चौथी टोपी पिशवीतून काढून ते उभे राहिले. नरसय्यांनी मान खाली घातली, जरा पुढं झुकले, टोपी घालून घ्यायला झुकतात तसे. आप्पा म्हणाले, "जावईबापू, तिकडं कुटं? भाडेकरूला कसली टोपी?" आवाज चढवून नाही, सवयीनं बोलल्यासारखं. ह्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी चौकटीत उभी होते, हातात शिऱ्याचं ताट होतं. ते माझ्या एका शब्दाची वाट बघत होते, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. मी 'हो' म्हटलं असतं, नुसती मान हलवली असती, तरी त्यांनी टोपी घातली असती, त्यांच्यात तेवढी धमक आहे. मी ताटाकडं बघितलं. ह्यांनी टोपी परत पिशवीत ठेवली. सगळे जेवायला उठले. नरसय्या अजून तसेच झुकून बसले होते. पुष्कळ वेळानं त्यांनी मान वर केली, चपला घातल्या आणि रस्त्याला लागले. जेवून जा, असंही कुणी म्हणालं नाही.

आम्ही लोक वाईट नव्हतो, असं मला पुढं बरेच जण समजावत राहिले. खरंच आहे. आम्ही त्यांना दगड मारला नाही, शिवी दिली नाही, पोलिसांत दिलं नाही. आम्ही फक्त तीन डोक्यांवर थांबलो. माणसाला वजा करायला याहून जास्त काही लागत नाही. मान द्यायचा म्हणजे हार घालायचा नसतो हो, ओळीत बसलेल्याला ओळीतला समजायचं असतं.

मला वाटलं होतं नरसय्या आता माझं तोंड बघणार नाहीत. पण पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला ते दारात उभे, हातात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी. "रेशनची साखर हाय अक्का. मला एकट्याला काय करायची?" मी पुडी घेतली, चहा टाकते म्हटलं. ते म्हणाले, बिनसाखरेचा टाका. तेव्हापासून दर महिन्याला पुडी यायची आणि बिनसाखरेचा चहा पिऊन ते जायचे. दादाविषयी बोलायचे, नव्या नक्षीकाराच्या चुका सांगायचे, माझ्या मुलींची पुस्तकं चाळायचे. तेराव्याचा विषय कधी निघाला नाही. चौथी टोपी माझ्या कपाटात वरच्या फळीवर, पातळांच्या मागं पडून होती. दरवेळी मनात यायचं, आज काढावी. पण काढून काय म्हणायचं, ते सुचत नसे. त्या साखरेचे आम्ही लाडू केले, मुलींच्या वाढदिवसाला शिरे केले.

मी स्वतःची अशी समजूत करून घेतली होती, की त्यांना मधुमेह झाला आहे. एवढी साखर खाणारा माणूस, होणारच. मी तसं सगळ्यांना सांगून टाकलं. त्यांना कारल्याचा रस घ्यायला सांगितलं, एकदा मेथीदाण्याचा डबाच भरून दिला. त्यांनी तो मुकाट्यानं घेतला. माझ्या धाकटीच्या बारशाला त्यांना बोलावलं होतं, ते आले नाहीत. नणंदेच्या लग्नाला आले नाहीत. सात वर्षं त्यांच्या अंगावर तेच दोन सदरे मी बघितले, आणि मला वाटलं, एकटा माणूस, कोण लक्ष देणार?

शेवटची भेट गेल्या महिन्यातली. विणकरांची छाती शेवटी जाते तशी त्यांचीही गेली होती. मी खिचडी घेऊन गेले, आणि थोडा शिरा. म्हटलं, आता कसलं पथ्य पाळायचं, एक घास खा. त्यांनी वाटी माझ्याकडं परत सरकवली आणि म्हणाले, "मला चालत न्हाई अक्का, अजून." तो 'अजून' मी ऐकला आणि सोडून दिला. मधुमेहात अजून कसलं आलंय, एवढंसुद्धा माझ्या मास्तरकीच्या डोक्यात आलं नाही.

ते गेले त्या दिवशी मी डोकेदुखीची रजा घेऊन पोचले, तोवर त्यांचे पुतणे येऊन त्यांना घेऊन गेले होते. खोलीत शेजारची लक्ष्मव्वा केर काढत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, साखरेनं खाल्लं बिचाऱ्यांना. तिनं केरसुणी खाली ठेवली.

"त्यास्नी कुटली साखर? डाक्तरनं तपासलंता की, कायबी नव्हतं. दुखवटा निघाला नव्हता त्यांचा. म्हनायचे, अक्काच्या घरची टोपी यायची हाय. चार आणलेते, मी बघितलो, असं म्हनायचे."

मी विचारलं, रागानं म्हणायचे का? ती म्हणाली, न्हाई ओ, हसून.

सात वर्षं. त्या दिवशी टोपी पिशवीतून निघालेली त्यांना दिसली होती आणि परत जातानाही दिसली होती. मी ती आणली होती एवढ्यावर त्यांनी माझा हिशोब चुकता धरला, माझ्यावर रुसले नाहीत, आणि दर महिन्याला आपली साखर माझ्या दारात आणून ठेवत राहिले. आठवण करून देत होते की क्षमा करत होते, ते मला कळत नाही. दोन्हीही असेल. मी मात्र खात होते. आप्पांना दोष देऊन मी इतकी वर्षं झोपले. आप्पांना ते नातं दिसलंच नव्हतं, किंवा दिसूनही बघायचं नव्हतं. मला तर नख काढणारे ते हात दिसले होते. मला सगळं माहीत होतं, टोपीही मीच आणली होती, आणि तरी मी ताटाकडं बघितलं.

त्यांच्या तेराव्याला पुतण्यांच्या डोक्यावर टोप्या पडल्या. पंधरावीस वर्षांत ज्यांनी त्यांच्या खोलीची पायरी चढली नव्हती, ते ओळीत बसले होते. हे निघताना मला म्हणाले होते, कपाटातली ती घेऊन जाऊ या का? मी विचारलं, आता कुणाच्या डोक्याला घालणार? ती तिथंच आहे. घडीवर पिवळी पडली आहे. तिच्याशेजारी मी शेवटची पुडी ठेवली आहे, गेल्या महिन्याची, न उघडलेली.

माझा दुखवटा काढायला कुणी येणार नाही, कारण रीतीप्रमाणे माझं कुणी गेलेलंच नाही. म्हणून सध्या मी बिनसाखरेचा चहा पिते. शाळेत बायकांच्या लक्षात आलं आहे. बाईंना मधुमेह झाला, असं त्या आपापसांत बोलतात, आणि परवा एकीनं मायेनं माझ्यासाठी कारल्याचा रस आणला. मी तो घेतला आणि पिऊन टाकला. ती हा लेख वाचेल. मुख्याध्यापिकाबाईही वाचतील, त्यांना माझा तो अर्ज आठवेल. तर बाई, मला मधुमेह नाही, आणि त्या दिवशी माझं डोकंही दुखत नव्हतं. माझ्या भावाचा जोडीदार गेला होता.